फक्त बॉयलर राहिलाय

‘तसं झालंच आहे सगळं. फक्त बॉयलर राहिलाय.’

वाफेवर चालणारं छोटं रेल्वे इंजिन अर्धवट सोडणारा माणूस मँचेस्टरचा असो की मोहोळचा, हे वाक्य तो म्हणतोच. ऐकणाऱ्यालाही ते पटतं. समोर चाकं दिसतात, चाकांना जोडणारे दांडे दिसतात, सिलिंडर दिसतात, चिमणीसुद्धा दिसते. आता एक बॉयलर तेवढा काय तो! वास्तविक वाफेच्या इंजिनातून बॉयलर वजा केला तर जे उरतं त्याचा भाव किलोवर ठरतो.

आमच्या आत्यानं आतोबांची पेटी माझ्या हवाली केली ती या वाक्यासकट. तिला ते आतोबांनी सांगितलं होतं. केव्हा, तर थोरलीच्या लग्नाच्या आधी. थोरलीची मुलं आता नोकरीला लागली. मधल्या काळात आतोबांनी घराला दुसरा मजला चढवला, दोन मोतीबिंदू काढून घेतले, मुलाचा कारखाना उभा करून दिला. बॉयलर राहिला तो राहिला.

पेटी माझ्याकडेच का आली, याला कारण माझी नोकरी. मी टेक्निकलला मास्तर होतो. वाफेचं इंजिन शिकवण्यात माझी हयात गेली. फळ्यावर मी इतकी इंजिनं चालवली आहेत की रेल्वेनं हेवा करावा. पिस्टन पुढं गेला, वाफ आत आली, पिस्टन मागं आला, घंटा झाली. पुढे वाफेचं इंजिन अभ्यासक्रमातून गेलं आणि पाठोपाठ मीही निवृत्त झालो. खऱ्या इंजिनाला माझा हात कधी लागला नव्हता. परंतु नात्यागोत्यात अशा तपशिलांना किंमत नसते. ‘तू त्यातला आहेस,’ असं आत्या म्हणाली आणि विषय संपला.

‘पेटी घेऊन जा,’ असंही ती म्हणाली. पेटी हलेना.

आतोबा गिरणीत फिटर. सोलापुरात ‘गिरणी’ म्हटलं की दळणाचा डबा आठवत नसे, त्या काळातले. १८७७ सालची जुनी गिरणी, मग विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी, जाम अशी एकेका गिरणीची नावं लोक पाव्हण्यांची ओळख करून दिल्यासारखी सांगत. भोंगा झाला की गाव उठे आणि भोंगा झाला की गाव जेवे. ही माणसं वाफेवरच वाढलेली. त्यात आतोबांचं लहानपण कुर्डुवाडीत गेलेलं. म्हणजे घरी रेल्वे आणि पोटापाण्याला गिरणी. अशा माणसाला निवृत्तीनंतर तुळशीची बाग कोण लावायला सांगणार?

त्यांनी करायला घेतलं होतं ते साधंसुधं खेळण्यातलं इंजिन नव्हतं. ते होतं बार्शी लाईट रेल्वेचं पहिलं इंजिन. लीड्सच्या किटसन कंपनीनं बांधलेलं, आठ चाकं जोडलेली, मागे चार चाकांची बोगी, पाण्याच्या टाक्या अंगावरच. सोलापूर जिल्ह्यात राहून ज्यानं बार्शी लाईटबद्दल एकही विनोद ऐकला नाही तो माणूस जिल्ह्याबाहेरचा समजावा. चालत्या गाडीतून उतरून, बोरं वेचून, पुन्हा त्याच डब्यात चढणाऱ्या प्रवाशाची गोष्ट मी किमान चार वेगवेगळ्या आजोबांकडून ‘स्वतः पाहिलेली’ म्हणून ऐकली आहे.

ही रेल्वे काढली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रजानं. हा गृहस्थ १८८२ साली जी.आय.पी. रेल्वेत लोको इन्स्पेक्टर म्हणून आला आणि इथली बैलगाड्यांची रहदारी पाहून त्याच्या डोक्यात अरुंद रुळांचं खूळ शिरलं. अडीच फुटी रूळ, हलके रूळ, आणि कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, हा त्याचा हट्ट. मोठं इंजिन हवं आणि भार तर वाढू द्यायचा नाही, मग चाकं वाढवा; म्हणून त्या इंजिनाला बारा चाकं. इंजिन-डबे इकडे पाठवण्याआधी त्यानं लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरते रूळ टाकून ते लोकांना पळवून दाखवले. बार्शीच्या गाडीचा पहिला प्रवास यॉर्कशरमध्ये झाला हे बार्शीकरांना सांगितलं तर ते म्हणतात, ‘असंल की. म्हणूनच इकडं यायला उशीर झाला.’

१८९७ साली गाडी बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीला पोचली. पंढरपूरला पोचायला १९०६ उजाडलं, लातूरला १९११ आणि मिरजेला १९२७. मिरज येता येता तीस वर्षं गेली. आषाढी-कार्तिकीला मालाच्या डब्यांत वारकरी बसवून तिनं पंढरीची सेवा केली, १९५४ साली ती सरकारजमा झाली, आणि पुढे एकविसाव्या शतकात टप्प्याटप्प्यानं तिचे रूळ रुंद झाले. मूळ रेल्वेलाच पुरी व्हायला तीस वर्षं लागली होती, तिथे आतोबांच्या एक-षष्ठांश प्रतीनं थोडा वेळ घेतला तर बिघडलं काय, असा युक्तिवाद मी आत्यापुढे करून पाहिला. ती म्हणाली, ‘त्या साहेबानं शेवटी पुरी केली ना?’

साहेबाचं पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. या कॅल्थ्रॉपनं नंतर हवाई छत्री तयार केली. ‘गार्डियन एंजल’ तिचं नाव. चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र १९१० साली विमान कोसळून गेला, त्यावरून त्याला ती सुचली म्हणतात. आमच्या रेल्वेच्या माणसांचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते ज्यानं आधी बार्शी लाईट काढली त्याला प्रवाशानं मधेच उडी कशी मारावी हा प्रश्न कधी ना कधी पडणारच होता.

एक-षष्ठांश का, तर हिशेब सोपा. अडीच फूट म्हणजे तीस इंच, भागिले सहा, पाच इंच. आणि पाच इंची रूळ हे अशी इंजिनं करणाऱ्या जगभरच्या छांदिष्टांचं एक ठरलेलं माप आहे. इंग्लंडात तर ‘मॉडेल इंजिनिअर’ नावाचं मासिक १८९८ पासून याच लोकांसाठी निघतं; म्हणजे आमची बार्शी लाईट त्याच्याहून वर्षानं वडील. त्या मासिकात ‘एल.बी.एस.सी.’ या टोपणनावानं कर्ली लॉरेन्स नावाचा लेखक १९२४ पासून चाळीसहून अधिक वर्षं, गोष्ट सांगावी तसं इंजिन कसं करावं ते सांगत आला. त्याचं वाचून हजारो लोकांनी इंजिनं करायला घेतली. पुरी किती झाली ते विचारू नये. घरोघरच्या शेडमध्ये अर्धी इंजिनं पडून असतात, मालक जातो आणि बायको जाहिरात देते. जाहिरातीत काय राहिलंय असं लिहिलेलं असतं ते वाचकांना आता माहीत आहे.

सहानं भागायची गंमत लांबीपुरती. वजनाला लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून भागावं लागतं, म्हणजे दोनशे सोळानं. खरं इंजिन जवळजवळ ३० टनांचं. त्याचं पोर १४० किलोच्या आसपास भरतं. पेटी का हलेना ते कळलं.

पेटीत काय होतं? डालड्याचे डबे होते. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून आतोबांच्या टाकाच्या अक्षरात नाव. ‘वॉल्व्ह’ लिहिलेल्या डब्यात शर्टाची बटणं निघाली. ‘बटणं’ लिहिलेल्या डब्यात वॉल्व्ह. ‘महत्त्वाचे’ लिहिलेल्या डब्यात एकच नट होता. तो कुठेही बसत नाही. फेकायची हिंमत होत नाही.

त्याशिवाय एक वही. तिच्यात दूधवाल्याचा हिशेब आणि इंजिनाचा हिशेब एकाच पानावर सुखानं नांदत होते. ‘बुध – १ लि. गुरु – १ लि. शुक्र – नाही. लिंक अर्धा सूत कमी कर. शनि – २ लि. (पाहुणे)’ अशी ती भाषा. मधेच एका पानावर फक्त ‘येथे तो वापरू नये’ आणि खाली दोन रेघा. कोण तो? कुठे? का? सबंध वहीत दोन रेघा मारलेलं वाक्य ते एकच. मी इंजिनाचा जो जो भाग हातात घेतो तो तो मला ‘तो’ वाटतो.

आणि एक ड्रॉइंग. झेरॉक्सची झेरॉक्स. इंजिनाची डावी बाजू. उजवी बाजू नाही. बार्शी लाईटच्या त्या पहिल्या इंजिनाचा जो जो फोटो आतोबांना मिळाला तोही डावीकडूनच काढलेला. साहेबाचा फोटोग्राफर कायम त्याच बाजूला का उभा राहत होता कोण जाणे, ऊन तिकडून येत असेल. त्यामुळे आतोबांच्या इंजिनाची डावी बाजू इतिहासाला धरून आहे आणि उजवी बाजू आतोबांच्या स्वभावाला.

उजव्या बाजूच्या फ्रेममध्ये एक भोक आहे. उत्तम पाडलेलं, कडा मोडून गुळगुळीत केलेलं, अंगठ्याएवढं भोक. त्यातून काही जात नाही, त्याला काही लागत नाही. डावीकडे तसं भोक नाही. एवढ्या निगुतीनं भोक पाडणारा माणूस ते चुकून पाडत नाही. ते बुजवावं की ठेवावं यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत.

दुसऱ्याचं अर्धं काम पुरं करायचं म्हणजे जिथं त्यानं सोडलं तिथून आपण पुढं न्यायचं, असा माझा समज होता. तो पेटीचं झाकण उघडेपर्यंत टिकला. प्रत्यक्षात जेवढं झालंय तेवढं आधी सगळं मोडावं लागतं. कुठला बोल्ट आवळलेला आहे आणि कुठला नुसता दिसायला अडकवलेला आहे हे बाहेरून समजत नाही. आणि मोडताना कळतं, की करणारा एक माणूस नव्हता. तरुणपणचे आतोबा, गिरणी बंद झाल्यानंतरचे आतोबा आणि मोतीबिंदू झालेले आतोबा अशा तिघांनी मिळून ते केलेलं होतं, आणि तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

तरुण आतोबा इंचात काम करत. आमच्याकडच्या वर्कशॉपची भाषाच ती. आठ सूत म्हणजे एक इंच, आणि जिथं सूत संपतं तिथं ‘जरा’ सुरू होतं. कायद्यानं मेट्रिक पद्धत आणली १९५६ साली, पण ती लेथपर्यंत पोचायला बार्शी लाईटनंच निघाली असावी. आतोबांपर्यंत ती आली तेव्हा इंजिनाची डावी बाजू झाली होती. मग त्यांनी नवी फूटपट्टी घेतली आणि उजवी बाजू मिलिमीटरात केली. एवढ्यावरही निभावलं असतं. पण वहीत मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘१ इंच = २५ मिमी.’ पुढचे चार दशांश त्यांनी, गिरणीच्या पगारातून जशी कापाकापी होई तशी, कापून टाकले.

डावीकडे चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या दोन भोकांमधलं अंतर सहा इंच. म्हणजे १५२.४ मिलिमीटर. उजवीकडे १५०. दोन्ही चाकं त्याच आसांवर. परिणाम असा, की एकेक बाजू जोडली तर चाकं लोण्यासारखी फिरत आणि दोन्ही जोडल्या की रेषभरही हलत नसत. आतोबांना हे उमगलं नव्हतं असं समजू नका. उजव्या दांड्याची भोकं कानशीनं लांबट केलेली होती. वहीत त्या पानावर ‘झाले!!’ असं लिहून दुधाचा हिशेब पुढे चालू.

मी तो दांडा घेऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेलो. तिथं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं लेथचं दुकान आहे. त्यानं दांडा उलटसुलट करून पाहिला.

‘सर, लूमचा पार्ट हाय का?’

‘नाही.’

‘मग बोअरच्या पंपाचा.’

‘इंजिनाचा आहे. रेल्वेच्या.’

‘एवढं बारकं?’ तो थोडा वेळ थांबला. ‘सर, काय करायलात हे तुम्ही?’

सोलापुरात लोखंडाचा कुठलाही तुकडा लूमचा, पंपाचा किंवा गाडीचा असतो. चौथी जात नाही. त्यामुळे माझ्या इंजिनाचा जो भाग ज्या दुकानात गेला तिथं त्याला पटेल ते नाव पडलं. क्रॉसहेडला, म्हणजे पिस्टनबरोबर मागंपुढं सरकणाऱ्या ठोकळ्याला, ‘धोट्याचा भाऊ’ म्हणतात. तीन भाषांत चर्चा चालते. माप मराठीत, भाव तेलुगूत आणि काम बिघडलं की कानडीत. दुकानात चादरीच्या जकार्डची दुरुस्ती करणारे एक वयस्कर मास्तर येऊन बसतात. त्यांनी वॉल्व्ह गिअरकडे, म्हणजे पिस्टनच्या कुठल्या बाजूला केव्हा वाफ सोडायची ते ठरवणाऱ्या त्या दांड्यांच्या जंजाळाकडे, एकदाच पाहिलं आणि म्हणाले, ‘ह्यात काय हाय? एक पुढं, एक मागं, आन् मधला सांगतो कवा.’ ते मी वर्गात सांगायला दोन तास घेत असे आणि नंतरही मुलांना कळत नसे.

विद्यार्थ्यानं दांडा नवा करून दिला. पैसे घेईना. वर म्हणाला, ‘सर, स्टीम इंजिनमध्येच मला तुम्ही चौतीस मार्क दिले होते.’ मी म्हटलं, ‘मग?’ तो म्हणाला, ‘काय नाही. सहज.’

खरं जिकिरीचं काम दांड्यांचं नव्हे, चाकांचं. इंजिनाला दोन सिलिंडर, एक डावा, एक उजवा. सायकलची दोन पायडलं एकमेकांच्या बरोबर समोर असतात. इंजिनाचं तसं चालत नाही, कारण तसं केलं तर दोन्ही पिस्टन एकाच क्षणी आपापल्या टोकाला पोचतात, आणि तिथं गाडी थांबली तर वाफेनं कितीही ढकललं तरी हलत नाही. म्हणून दोन्ही बाजूंच्या क्रँकमध्ये काटकोन ठेवतात. एकाचा जोर संपतो तेव्हा दुसऱ्याचा भरात असतो. हा काटकोन चारही आसांवर तंतोतंत तोच हवा. अंशाचा फरक पडला की दांडे अडकतात. आतोबांनी तीन आस सुरेख बसवले होते. चौथ्याचा कोन भलताच. का ते वहीत सापडलं, ‘थोरलीचे पाहणे. घाईत बसवले. नंतर पाहू.’ पाहणं यशस्वी झालं, एवढं समाधान.

आता बॉयलर.

त्याच्याबद्दल पहिली सुखद गोष्ट कायद्यानं सांगितली. आपल्याकडच्या बॉयलरच्या कायद्यात पंचवीस लिटरपेक्षा कमी मावणाऱ्या भांड्याला बॉयलर धरतच नाहीत. आमचा दहा लिटरच्या आत. म्हणजे जी वस्तू करण्यासाठी आतोबांनी अर्धं आयुष्य टाळाटाळ केली ती सरकारदप्तरी अस्तित्वातच नाही. परंतु कायद्यानं सोडलं म्हणून वाफ सोडत नाही. ८० पौंडांवर तो चालवायचा. आत्यानं विचारलं, ‘कुकरपेक्षा जास्त का?’ घरच्या कुकरमध्ये साधारण १५ पौंड असतात. हे ऐकल्यापासून ती मी आलो की पदर खोचून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते, आत पळायला सोपं म्हणून.

असा बॉयलर तांब्याचा करतात. पत्रा कापायचा, ठोकून वळवायचा, आत नळ्या बसवायच्या आणि सगळे सांधे चांदीमिश्रित काडीनं जोडायचे. शिशाचं साधं झाळकाम इथं कामाचं नाही; विस्तवापाशी ते पाघळतं. चांदीची काडी साधारण सहाशे-सातशे अंशांना वितळते, आणि तांब्याचा अवगुण असा की उष्णता एका जागी ठेवत नाही. एक कोपरा तापवावा तर सबंध भांडं तापवावं लागतं. पुरेसं तापवलं की पलीकडचा, काल जोडलेला सांधा सुटायला लागतो.

हे कुणाला येतं? गावात चौकशी केली. भांड्यांच्या बाजारात म्हणाले, हंडा असेल तर करू. सोनार म्हणाले, येतं, पण एवढं मोठं मंगळसूत्र आम्ही केलं नाही. शेवटी भेटला फ्रिज दुरुस्त करणारा पोरगा. फ्रिजच्या तांब्याच्या नळ्या तो रोज याच पद्धतीनं जोडतो. त्यानं बॉयलरभोवती एक प्रदक्षिणा घातली, आतल्या नळ्या मोजल्या आणि विचारलं, ‘काका, किती टनाचा एसी हाय?’

त्याच्या हाताला मात्र तोड नाही. टाकणखार लावून, दोन बाजूंनी दोन ज्योती धरून त्यानं पहिला सांधा असा ओढला, की काडी पत्र्यांच्या फटीत पाण्यासारखी शिरली आणि पलीकडून बारीक रुपेरी रेघ उमटली. आतोबांच्या पेटीतही जुन्या काड्या होत्या. त्या मी त्याला वापरू दिल्या नाहीत. तसल्या जुन्या काड्यांत कॅडमियम असायचं, आणि त्याचा धूर फुप्फुसाला घातक. ‘येथे तो वापरू नये’ यातला ‘तो’ हाच असावा असं वाटून मला एक रात्र बरी झोप लागली. सकाळी लक्षात आलं, काडी स्त्रीलिंगी.

चांदी महाग, हे वेगळं सांगायला नको. काडीत निम्म्याच्या जवळपास चांदी. भाव चढत असताना मी ती आणत होतो. सराफाकडे आधी फक्त सुनांना घेऊन जाणारा मी आता एकटाच भाव विचारायला जातो असा बोभाटा झाला. आत्यानं आपणहून पैंजण पुढे केले. मी घेतले नाहीत. थोर मनानं नव्हे. पैंजण वितळवून काडी होत नाही, तिच्यात तांबं आणि जस्त ठरल्या प्रमाणात मिसळावं लागतं. तिनं एवढं बोलणं ऐकून घेतलं आणि पैंजण परत ठेवताना म्हणाली, ‘त्यांनी मागितले असते.’

सांधा झाला की बॉयलर काळाठिक्कर पडतो. तो सौम्य आम्लात बुडवून स्वच्छ करायचा असं पुस्तकं सांगतात. आत्यानं पुस्तक बाजूला ठेवलं आणि चिंच भिजत घातली. देवाची भांडी घासून जिचा हात बसलेला, तिनं तो बॉयलर असा लखलखीत केला की सांध्यातली सुईच्या टोकाएवढी भोकं मला चष्म्याशिवाय दिसली. ती नसती दिसली तर बरं, असं क्षणभर वाटून गेलं.

मग पाण्याची चाचणी. बॉयलर काठोकाठ गार पाण्यानं भरायचा, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि हातपंपानं दुप्पट दाबाला न्यायचा. आमचे १६० पौंड. पाणीच का? पाणी दाबलं जात नाही, म्हणून त्यात ताकद साठत नाही. सांधा फुटला तर चिळकांडी उडते, स्फोट होत नाही. हे मी जमलेल्या मंडळींना समजावून सांगितलं. मंडळी तरीही जिन्यात जाऊन उभी राहिली. पंप आणला होता प्लंबरकडून. नव्या इमारतींचे नळ तपासायला त्यांच्याकडे तो असतोच. चाचणीचा दिवस नळाला पाणी येण्याच्या दिवसाशी जुळवावा लागला, कारण सोलापूरच्या बोअरचं पाणी बॉयलरला देणं म्हणजे आत चुन्याची भिंत बांधणं. त्यात आमच्याकडे नळाचं पाणी रोज येत नाही आणि जे येतं ते इंजिनाला द्यायला सून राजी नसते.

काटा शंभरावर गेला. एकशे वीसवर. एकशे चाळीसला एका सांध्यावर थेंब जमला. फ्रिजवाला पोरगा तो थेंब पाहत बसला. जकार्डवाले मास्तर म्हणाले, ‘घाम हाय. कष्ट करायला लागल्यावर यायचाच.’ पण पोरगा ऐकेना. पाणी काढलं, पुन्हा तापवलं, पुन्हा चिंच. पुढच्या पाण्याच्या दिवशी काटा १६०वर गेला आणि तिथं उभा राहिला. जिन्यातली मंडळी एकेक करून वर आली आणि मला आधीपासून खात्री होती असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं.

विस्तव पेटवण्याआधी इंजिन हवेवर चालवून पाहायची रीत आहे. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची नळी लावली. दुकानदारानं आधी विचारलं, ‘किती हवा भरू? पुढची का मागची?’ रिव्हर्सच्या दांडीशेजारी पितळी पट्टीवर आतोबांनी ‘पुढे’ आणि ‘मागे’ कोरून ठेवलंय. मी दांडी ‘पुढे’ टाकली. आधी काहीच नाही. मग एक उसासा. मग चाकं फिरायला लागली, आठही, एका तालात, सुतासारखी, अगदी डोळे भरून यावेत अशी. आणि मागच्या दिशेनं. आतोबा बहुधा इंजिनाच्या तोंडासमोर बसून कोरत होते. ती पट्टी मी बदलणार नाही. ‘मागे’ टाकलं की पुढे जातं एवढं लक्षात ठेवायला जमतं.

पुण्याला कर्वे रस्त्यावर भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८च्या १ एप्रिलला सुरू झालं, आणि तारीख तशी असली तरी तो विनोद नव्हता. सत्त्याऐंशी पटींनी लहान केलेल्या गाड्या तिथं शिस्तीत धावतात, सिग्नल पाळतात. मी नातवाला घेऊन गेलो होतो. नातू हरखला. परतीच्या गाडीत म्हणाला, ‘आजोबा, त्यांचं पूर्ण झालेलं आहे.’ त्याला मी सांगितलं, की त्या गाड्या विजेवर चालतात. त्यांना पाणी लागत नाही, कोळसा लागत नाही, चिंच लागत नाही. तो म्हणाला, ‘तेच म्हणतोय मी.’

कोळशाचं तेवढं जमलंय. सायझिंगच्या कारखान्यातले बॉयलर अटेंडंट आमच्या ओळखीचे निघाले. त्यांच्या मते आमच्या भट्टीच्या तोंडातून त्यांचं एक ढेकूळसुद्धा आत जाणार नाही, तेव्हा इस्त्रीवाल्याकडचा लोणारी कोळसा सुपारीएवढा फोडून घ्यावा. इस्त्रीवाल्यानं पोतं दिलं आणि इस्त्री किती मोठी आहे ते पाहायला येतो म्हणाला.

उरलंय ते किरकोळ. गच्चीच्या कठड्यालगत पाच इंची रूळ टाकायचे, शेजाऱ्यांना धुराची कल्पना द्यायची, ‘महत्त्वाचे’ डब्यातल्या नटाची जागा शोधायची. विस्तव जानेवारीतली गड्डा यात्रा आटोपली की पेटवू. उन्हाळ्यात सोलापूरच्या गच्चीवर बॉयलर वेगळा पेटवायची गरज पडत नाही, पण तो मोह टाळलेला बरा.

एक मदत मात्र वाचकांकडून हवी आहे. बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, लातूर, मिरज या भागातल्या कुणाच्या घरी पणजोबांच्या ट्रंकेत, लग्नाच्या आल्बममागे, कुठेही, बार्शी लाईटच्या त्या पहिल्या इंजिनाचा उजव्या बाजूनं काढलेला फोटो असेल, तर तो कृपा करून जपून ठेवा आणि मला एकदा दाखवा. परत देईन. फ्रेमला उजवीकडे अंगठ्याएवढं भोक आहे का, एवढंच पाहायचं आहे.